आजचं चिंतन : उत्तंकाने पाणी का नाकारलं?



गेले आठ दिवस इथे काही लिहिलं नाही. चैत्री एकादशीला पंढरपूरला गेलो होतो, आणि या वेळी एसटीने नाही, सायकलवर. एकसष्टाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं असं घरात विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. महाड आणि आसपासचे आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांत लहान एक कॉलेजातली मुलगी, सगळ्यांत मोठा मी. महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, वाई आणि पुढे देशावरून पंढरपूर. अडीचशे किलोमीटरच्या वरचा पल्ला, चार दिवस.

दर्शनाबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज पहिल्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, कारण क्रमाने वाचत आपण महाभारताच्या आश्वमेधिकपर्वात उत्तंकाच्या कथेपाशी आलो आहोत. ही कथा मी कितीदा वाचली आणि सांगितली असेल. पण ती आपल्याबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं.

आधी कथा. युद्ध संपलं आहे. श्रीकृष्ण हस्तिनापुराहून द्वारकेला परत निघाले आहेत. वाटेत मरुभूमीत उत्तंक ऋषी भेटतात. युद्ध झालं हे त्यांना माहीतच नाही. कळल्यावर ते इतके संतापतात की देवालाच शाप द्यायला निघतात. देव त्यांची समजूत घालतात, विश्वरूप दाखवतात आणि वर माग म्हणतात. ऋषी काय मागतात? या वाळवंटात मला हवं तेव्हा पाणी मिळावं, इतकंच. देव म्हणतात, तहान लागली की माझी आठवण कर.

पुढे एकदा उत्तंक तहानेने व्याकूळ होऊन वाळवंटात फिरत असतात. देवाची आठवण करतात, तेव्हा समोर येतो एक मातंग. उघडा, अंगाला चिखल, भोवती कुत्री, हातात धनुष्यबाण. तो हसून म्हणतो, ये, पाणी घे, तुझी दया येते मला. उत्तंक घेत नाहीत. तो पुन्हा पुन्हा सांगतो. ऋषी रागावतात, देवालाही नावं ठेवतात. मातंग कुत्र्यांसकट दिसेनासा होतो. मग कृष्ण येऊन सांगतात, मी तुझ्यासाठी इंद्राकडे अमृत मागितलं होतं. माणसाला अमृत द्यायला इंद्र तयार नव्हता. मी आग्रह धरला तेव्हा तो म्हणाला, मी चांडाळाच्या रूपात जातो, त्याने घेतलं तर देतो. तू इंद्राला परत पाठवलंस.

आता एक कबुली. त्या मातंगाकडे पाणी कुठून येत होतं ते मूळ कथेत स्पष्ट लिहिलं आहे. ते त्याचं मूत्र असल्यासारखं दिसत होतं. कथा सांगताना मी आजवर तिथे 'कातड्याची पखाल' म्हणत आलो. सभ्यपणासाठी म्हणा. पण त्याने कथेतली खरी अडचणच मी काढून टाकत होतो. उत्तंकाला नाही म्हणायला चांगलं कारण होतं, हीच ती अडचण.

आता पहिला दिवस.

पहाटे साडेपाचला आम्ही चवदार तळ्यापाशी जमलो. महाडकरांना एकत्र यायला ती सोयीची जागा. बाबासाहेबांच्या पुतळ्याला नमस्कार केला, फोटो काढले. मग जवळच्या एका देवळाबाहेर माठ ठेवलेला असतो, त्याच्यातलं पाणी मी पोटभर प्यायलो आणि बाटलीही भरून घेतली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोलादपूरपर्यंत हायवे. सावित्रीच्या कडेकडेने रस्ता, सकाळचं ऊन कोवळं, सगळे गप्पा मारत. पोलादपूरला नाश्ता करून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो आणि दहा वाजल्यापासून खरी परीक्षा सुरू झाली. ज्यांनी कोकण फक्त पावसाळ्यात पाहिलंय त्यांना आमचा एप्रिल कळायचा नाही. डोंगर पिवळे पडलेले, ओढ्यांमधून नुसते गोटे, वाऱ्याचं नाव नाही आणि डांबरातून वर येणारी धग. माझा वेग चालणाऱ्या माणसाइतका झाला. गटाचा नियम असा होता की शेवटच्याला एकटं सोडायचं नाही, म्हणून ती कॉलेजची मुलगी माझ्याबरोबर मागे राहिली. बाकीचे वळणांमागे कधीच दिसेनासे झाले होते. बारा वाजायच्या आत माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या. तिच्याकडे अर्धी होती, ती तिने मला दिली आणि मी घेतली.

एका वळणावर आंब्याची सावली दिसली, तिथे उतरलो. रस्त्याच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाडी, दहा-बारा घरं. वाडीच्या तोंडाशी छोटं बुद्धविहार आणि पंचशील ध्वज. तो मी पाहिला, हे आधीच सांगतो. पाहिला नाही असं लिहिलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

वरून एक बाई आली. सत्तरीची असेल. आम्हाला पाहून परत घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. म्हणाली, "घ्या बाबा, पानी घ्या."

मी म्हणालो, "नको मावशी, आहे आमच्याकडे."

माझ्या दोन्ही बाटल्या सायकलला लावलेल्या होत्या, पारदर्शक, कोरड्या ठणठणीत. तिने त्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. उत्तंकाला तो मातंग हसला होता तसं, हे आता वाटतं. तेव्हा नुसतीच लाज वाटली. तोवर मुलीने तांब्या घेतलासुद्धा. घटाघटा प्यायली. मावशी घरातून दुसरा भरून घेऊन आली.

मी नको का म्हणालो? त्या क्षणी मी स्वतःला दिलेलं कारण होतं पोट. पुढे तीन दिवस सायकल चालवायची आहे, कुठलं पाणी, कसलं पाणी, गाळलेलं की न गाळलेलं. शहाणं कारण आहे की नाही? कुठलाही डॉक्टर हेच सांगेल. पण घाटात पायडल मारताना माणसाला विचार करायला वेळच वेळ असतो, आणि वरच्या दोन वळणांनंतर मला सकाळचा माठ आठवला. तो माठ कोण भरतो, कधी धुतो, पाणी कुठलं, मी एका अक्षराने विचारलं नव्हतं. पोट तेच, दिवसही तोच. मग सकाळी पोटाची काळजी कुठे गेली होती?

इथे मला प्रामाणिकपणे थांबावं लागतं. मी जात मानत नाही. चाळीस वर्षं नोकरी केली, सगळ्यांबरोबर एका टेबलावर डबा खाल्ला. त्या वाडीपाशी माझ्या मनात कुठलाही शब्द आला नाही, कसलीही किळस आली नाही. आली ती फक्त काळजी. आणि ती नेमकी तिथेच आली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मला अजून एकत्र बसवता येत नाहीत. आपण अमुक वागलो ते सावधपणामुळे की दुसऱ्या कशामुळे, हे आतून पाहून कळतच नाही, कारण आतून दोन्ही सारखंच दिसतं. उत्तंकालाही आपण शुद्धतेसाठी नाही म्हणतोय असंच वाटलं असणार. कळायचं असेल तर शेजारी दुसरा प्रसंग ठेवून पाहावं लागतं : हेच पाणी दुसऱ्या दाराशी मिळालं असतं तर? माझ्या बाबतीत तो दुसरा प्रसंग त्याच दिवशी सकाळी घडून गेला होता, म्हणून सुटका नाही.

आणखी एक प्रसंग आठवला. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही. मग बाहेरगावचे लोक मदत घेऊन आले, बाटल्यांचे खोके वाटत होते. कोण होते, कुठले होते, मी विचारलं नाही. वर्षानुवर्षं हे उदाहरण मी अभिमानाने सांगत आलो की संकटात माणूस माणसाला ओळखतो. आता वाटतं, ते खरं असेल, पण बाटली सीलबंद होती हेही खरं आहे. सीलबंद पाण्याला देणाऱ्याचा हात लागलेला दिसत नाही. तांब्याला दिसतो.

बरं, मग मी पाणी घेतलं का? घेतलं. ते कसं घेतलं हे त्याहून वाईट आहे. दुसरा तांब्या मी हातात घेतला, आपल्या सवयीप्रमाणे वरून तोंडात धार धरली, अर्धं प्यायलो, चूळ भरून रस्त्यावर टाकली आणि उरलेलं डोक्यावर ओतलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "काका, इथे टँकर येतो. परवा आला होता, आता उद्या येणार म्हणतायत." मी मावशीकडे पाहिलं. ती काही म्हणाली नाही. रस्त्यावर पाण्याचा ओला डाग होता तिकडे पाहत होती. तो डाग आमच्यासमोर वाळला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण उतार उभे आणि खाली काळा कातळ. पाणी पडतं आणि ओढ्या-नद्यांतून धावत समुद्राला मिळतं. मार्चनंतर वरच्या वाड्यांच्या विहिरी तळाला जातात आणि टँकरची वाट पाहायची वेळ येते. जुलैत ज्या डोंगराखाली दरडीच्या भीतीने झोप लागत नाही, त्याच डोंगरावर एप्रिलमध्ये हंडे रांगेत असतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. महाडात जन्म गेला, पेपरात दरवर्षी वाचतो. माहीत असूनही हात पालथा झाला.

मग मी तेच केलं जे आपण सगळे अशा वेळी करतो. पाकीट काढलं. शंभराची नोट पुढे केली.

"पान्याचं पैसं घेत न्हाय आमी," मावशी म्हणाली. रागाने नाही, सरळ. मग विचारलं, "येवढ्या उनात सायकलीवर कशापायी जाता?"

"दर्शनाला. पंढरपूरला."

"बरं," म्हणाली, आणि तांब्या घेऊन वर गेली.

हे पैशाचं का लागून राहिलं ते सांगतो. मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. हजारो माणसं, कितीतरी लोक लांबून पायी आलेले. आणि गावात त्यांना पाणी मिळेना. परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं होतं. तळं समोर भरलेलं होतं. महाड नगरपालिकेने तर १९२४ मध्येच ते सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता, पण ठराव कागदावर. २० मार्चला बाबासाहेब सगळ्यांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. परत आल्यावर लोकांवर हल्ले झाले. पुढे गावकऱ्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून मंत्र म्हणत ते 'शुद्ध' करून घेतलं. तळं सर्वांचं आहे हे हायकोर्टाकडून पक्कं व्हायला १९३७ साल उजाडलं.

माझी आजी तेव्हा लहान मुलगी होती. ती सांगायची की मधले काही दिवस घरात तळ्याचं पाणी भरलं नाही, शुद्धी झाल्यावर पुन्हा भरायला लागले. पूर आला आणि ओसरला, तशा आवाजात सांगायची. तिचा स्वभाव फार प्रेमळ होता. दारात आलेल्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. देणं तिला उत्तम जमायचं. कुणाकुणाच्या हातून घेणं तिला कधी शक्यच झालं नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नसे.

आपले ग्रंथ दानाबद्दल खूप सांगतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कसं असावं ते आहे : परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला. भागवतात रंतिदेवाची कथा आहे. अठ्ठेचाळीस दिवस पाणीही न मिळालेला राजा, एकोणपन्नासाव्या दिवशी हाती आलेलं अन्न एकेका अतिथीला देऊन टाकतो आणि शेवटी उरलेलं घोटभर पाणी पुल्कसाला देतो. वाचताना मी नेहमी स्वतःला रंतिदेवाच्या जागी ठेवून पाहिलंय. तुम्हीही तेच करत असाल. आपण देणारे, समोरचा घेणारा. पण आंब्याच्या सावलीत रंतिदेवाच्या जागी मावशी होती. मी होतो तहानलेला, आणि तहानलेल्याने कसं वागावं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. पुल्कसाने ते पाणी कसं घेतलं, ते मी आजवर शोधलंही नव्हतं.

उत्तंकाची कथा मात्र घेणाऱ्याची आहे. म्हणून ती इतकी टोचते. पण तिच्याशी माझं एक भांडणही आहे. शेवटी देव सांगतात की तो मातंग म्हणजे इंद्र होता आणि ते पाणी म्हणजे अमृत. म्हणजे उत्तंकाची चूक काय, तर त्याने इंद्राला ओळखलं नाही. समजा तो इंद्र नसता? नुसता कुत्री घेऊन हिंडणारा, दया आलेला माणूस असता आणि पाणी नुसतं पाणी असतं, तर त्याला हाकलणं बरोबर ठरलं असतं का? आपण कीर्तनात नेहमी सांगतो की देव कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही, म्हणून कुणाचा अपमान करू नये. मला आता या वाक्याची भीती वाटते. म्हणजे देव आत असण्याची शक्यता नसेल तर अपमान चालेल? आंब्याखालची मावशी कुणी देव-बिव नव्हती. ती एक बाई होती, तिच्या घरात उद्यापर्यंत पुरवायचं मोजकं पाणी होतं आणि तिला आमची तहान दिसली. मी तिच्यात इंद्र शोधायला लागलो तर तिला दुसऱ्यांदा नाकारल्यासारखं होईल.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच दुसरी परिषद झाली. तेव्हाच्या भाषणात बाबासाहेब म्हणाले होते की या तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण काही अमर होणार नाही, आजवर ते न पिताही जगलोच आहोत. इतरांसारखी आपणही माणसंच आहोत हे ठरवण्यासाठी तिथे जायचं आहे. हे भाषण मी फार उशिरा वाचलं, आणि वाचलं तेव्हा उत्तंक आठवला नाही. आता दोन्ही शेजारी ठेवले की वाटतं, अमृताची अट त्यांनी काढूनच टाकली. साधं पाणी. तेवढ्यावरच सगळं ठरायला हवं.

कथेत उत्तंकाला शेवटी दुसरा वर मिळतो. त्याला तहान लागेल तेव्हा वाळवंटावर ढग येतील आणि पाणी देतील, त्यांना लोक उत्तंकमेघ म्हणतील. मला पूर्वी हा शेवट गोड वाटायचा. आता शंका येते की देवाने त्याला माफ केलं की त्याच्यापुढे हात टेकले? पाणी मिळालं, पण कुणाच्या हातून घ्यायची वेळ मात्र पुन्हा आली नाही. थोडंसं माझ्या सीलबंद बाटलीसारखं. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.

संध्याकाळी उशिरा महाबळेश्वरला पोचलो. बाकीचे नऊ जण केव्हाचे आंघोळी करून चहाला बसले होते. दुसऱ्या दिवशी रामनवमी. पहाटे निघायच्या आधी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री, पाचही नद्यांचं पाणी तिथे एकत्र येऊन गोमुखातून अखंड पडत असतं. आमची सावित्री तिथली. तिथून निघते आणि खाली दरीतून पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. त्या वाडीवरून ती दरी दिसत असणार. पाणी खाली, हंडे वर.

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. आम्ही दोघांनी बाटल्या भरून घेतल्या. ती म्हणाली, "काका, त्या मावशींचं नाव विचारलंत का तुम्ही?"

नाही, म्हटलं. तिनेही विचारलं नव्हतं.

उद्या उत्तंकाचीच पुढची कथा घेऊ, कुंडलांची. राम कृष्ण हरी.